कीड मोजून देणारी सेवा, एकरी चारशे रुपये: पैसे वसूल झाले का?

आधी गुण सांगून टाकते, म्हणजे ज्यांना घाई आहे ते मोकळे. पाचपैकी साडेतीन. नुसत्या कपाशीचं विचाराल तर साडेचार दिले असते. तुरीनं सरासरी खाली ओढली.

आमची पाच एकर जमीन राळेगाव तालुक्यात, जिल्हा यवतमाळ. तीन एकर पऱ्हाटी (म्हणजे कपाशी), दोन एकर सोयाबीन, दोन्हीत तुरीचे तास. ओलिताची सोय नाही, सगळं पावसावर. यजमान एसटीत ड्रायव्हर, त्यांची ड्युटी त्यांच्या हातात नसते. म्हणून शेताचं रोजचं पाहणं माझ्याकडे आणि धाकट्या दिरांकडे. मामाजी, म्हणजे सासरे, आता तासात उतरत नाहीत, पण धुऱ्यावर बसून मत देतात.

तालुक्याच्या गावी कृषी पदविका झालेल्या काही पोरापोरींनी २०२४ च्या खरिपात ही सेवा सुरू केली. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि पोरं नवीन आहेत. एकरी चारशे रुपये, पूर्ण हंगामाचे. आठवड्यातून एकदा शेतात येतात, कीड मोजतात, आकडा कागदावर लिहून देतात आणि फवारायची पातळी ओलांडली की नाही ते सांगतात. पतंग धरायचे सापळे आणि त्यांत लावायचे ल्युअर (मादीच्या वासाचं आमिष) आपण आणायचे. दवाई ते विकत नाहीत, कुठल्या दुकानाची चिठ्ठीही देत नाहीत. मी पैसे भरले ते या शेवटच्या गोष्टीसाठी.

आमच्याकडची रीत सगळ्यांना माहीत आहे. पान तोडायचं, खिशात घालायचं, कृषी केंद्राच्या काउंटरवर ठेवायचं. दुकानदार पान उलटंपालटं करतो आणि फळीवरून दोन डबे काढतो. "यात हे मिसळून मारा, टॉनिकही टाका." पैसे कापूस आल्यावर. पान दाखवून माणूस दवाईशिवाय परत आला असं मी तरी पाहिलेलं नाही. दुकानदाराचंही काय चुकलं म्हणा, तो एक पान पाहतो. बाकीच्या शेतात काय चाललंय हे त्या पानाला थोडंच सांगता येतं.

पहिल्या मोजणीला आलेली मुलगी बावीस-तेवीस वर्षांची. सकाळी सातला हजर, हातात भिंग आणि वही. कडेचे तास सोडून शेतात तिरपी शिरली. वीस झाडं, दर झाडाची तीन पानं: शेंड्याकडचं, मधलं, बुडाकडचं. पान तोडत नाही, हळूच उलटवते. तुडतुड्याची पिल्लं पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि तिरपी पळतात, म्हणून झटका दिला की हिशेब चुकतो. ऊन चढल्यावर मोजू नका, हेही तिनंच सांगितलं. मामाजी लांबून बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "मोजून काय होते व पोरी? तुडतुडा काय तुही वही पाहून रस पेते?"

ती हसली आणि बेरीज करत बसली. साठ पानांवर सहासष्ट पिल्लं, म्हणजे पानामागे १.१. कागदावरची पातळी दोन. शिवाय झाडाच्या मधल्या-वरच्या पानांच्या कडा पिवळ्या पडून मुरडल्या आहेत का, तशी झाडं शंभरात पंचवीस आहेत का, हेही पाहायचं असतं. आमच्याकडे तशी झाडं मोजकी होती. तिनं काही पानांवर केसासारख्या देठावर टेकलेली बारीक पांढरी अंडी दाखवली. ती क्रायसोपाची, म्हणजे माव्या-तुडतुड्याला खाणाऱ्या मित्रकिडीची. ढालकिडेही फिरत होते. "काकू, आता फवारलं तर आधी हे मरतील. आठ दिवस थांबा." शेजारच्या दोन्ही शेतांत त्याच आठवड्यात पंप चालले. आमच्या दिरांची रात्रीची झोप गेली. चार दिवसांनी झोडपून पाऊस आला आणि पुढच्या मोजणीत आकडा निम्म्याच्याही खाली उतरला. जोराच्या पावसानं रसशोषक किडी धुऊन जातात. शेजाऱ्यांची दवाईही त्याच पावसानं धुतली.

आता त्यांच्या कागदाबद्दल. एका बाजूला छापलेल्या पातळ्या असतात. पानामागे मावा दहा, तुडतुडे दोन, फुलकिडे दहा, पांढरी माशी आठ ते दहा. गुलाबी बोंडअळीसाठी तीन वेगवेगळे आकडे: सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग, किंवा शंभर फुलांत दहा डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं), किंवा वीस हिरव्या बोंडांत दोन जिवंत अळ्या. यातलं काही त्यांनी शोधलेलं नाही आणि ते तसा दावाही करत नाहीत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या पत्रकांत आणि नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या सल्ल्यात असेच आकडे असतात. शासनाचा कीड पाहून सल्ला देणारा क्रॉपसॅप प्रकल्पही २००९-१० पासून याच पद्धतीवर चालतो. २००८ मध्ये विदर्भातल्या सोयाबीनवर अळ्यांचा उद्रेक झाला, त्यानंतर तो आला. त्याचा सल्ला फुकट असतो आणि मी तो वाचते. पण त्याची निरीक्षणं ठरलेल्या गावांतल्या ठरलेल्या शेतांतली असतात, आणि माझ्या धुऱ्याच्या आत काय आहे ते माझ्या धुऱ्याच्या आतच मोजावं लागतं.

मला खरा रस होता तो दुसऱ्या प्रश्नात. दोनच का? दहाच टक्के का? अडीच का नाही? बचत गटाची वही मी बरीच वर्षं लिहिते, त्यामुळे कुणी आकडा दिला की तो आला कुठून हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथं त्या मुलीनं माझं मन जिंकलं. तिनं वही उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर आमच्याच शेताचा हिशेब मांडला.

एकरी एका फवाऱ्याचा खर्च किती? दवाई आठशे धरा. फवारणारा पंपामागे चाळीस घेतो, एकराला दहा पंप, म्हणजे चारशे. झाले बाराशे. कापसाला भाव काय? त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ होता, पण गावात येणारा व्यापारी सात हजाराच्या आसपास देत होता, तोच धरला. बाराशे भागिले सात हजार, म्हणजे सतरा किलो कापूस. फवारा मारला की सगळी कीड मरते असं नाही, शंभरात सत्तर मेली तरी चांगलं. म्हणून सतराला पुन्हा ०.७ नं भागलं: साधारण साडेचोवीस किलो. म्हणजे कीड एकरी साडेचोवीस किलोपेक्षा कमी खाणार असेल, तर तिला खाऊ देणं स्वस्त. आमचा उतारा एकरी सहा क्विंटलचा. साडेचोवीस किलो म्हणजे त्यातले चार टक्के.

मग मी पुढचं विचारलं. चार टक्के नुकसानीला जर खर्च फिटतो, तर बोंडअळीची पातळी दहा टक्के कशी? तर वीसपैकी दोन बोंडांत अळी म्हणजे दहा टक्के बोंडं किडली, पण बोंडात कप्पे चार-पाच असतात आणि अळी त्यातला एखाद-दुसरा खाते. दहा टक्के बोंडांचा तिसरा हिस्सा धरला तर नुकसान सव्वातीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत येतं. त्यावर कवडी (किडका, डागी कापूस) निघाली की व्यापारी भाव पाडतो, तो तोटा वेगळा. गोळाबेरीज चारच्या जवळ जाते. आकडा आभाळातून पडलेला नाही एवढं मला पटलं, आणि पटलं म्हणून पुढे थांबता आलं.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, जी कागदाच्या पुढच्या बाजूला छापलेली नाही. भाव बदलला की पातळी बदलते. २०२२ च्या सुरुवातीला कापूस दहा हजारांच्या वर गेला होता. त्या भावानं बाराशेचा फवारा बारा किलोत फिटतो. सत्तर टक्के मरतूक धरली तरी सतरा किलो. म्हणजे महाग कापसात लवकर फवारायला हवं आणि स्वस्त कापसात जास्त कीड सोसायला हवी. आपण करतो बरोबर उलट. भाव पडला की जीव घाबरतो आणि "आहे तेवढं तरी वाचवू" म्हणून पंप उचलतो. तसंच ओलिताचं. ज्याचा उतारा एकरी दहा क्विंटल आहे त्याला साडेचोवीस किलो म्हणजे अडीचच टक्के. त्यानं आणि मी एकच आकडा पाळायचा, यात त्याचं नुकसान आहे. छापील पातळी ही मधल्या माणसासाठी काढलेली असते. सेवेनं दर शेताला स्वतःचा आकडा काढून द्यावा, ही माझी पहिली सूचना. सध्या तुम्ही विचारलंत तरच ते वही उलटी करतात.

आणखी एक. नुकसानीची पातळी आणि फवारायची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या दिरांना कळायला पूर्ण पावसाळा लागला. जिथं नुकसान आणि खर्च सारखे होतात ती पहिली. फवारायची पातळी त्याच्या खाली ठेवायची, कारण माणूस मिळेपर्यंत, पाऊस उघडेपर्यंत, दवाई आणेपर्यंत कीड वाढतच असते. ही मांडणी १९५९ ची, कॅलिफोर्नियातली. लसूणघासावरच्या माव्यावर दवाई चालेनाशी झाली आणि तिनं मित्रकिडीच जास्त मारल्या, तेव्हा तिथल्या चार कीटकशास्त्रज्ञांनी ती लिहून ठेवली. त्या मुलीनं हे सांगितल्यावर मामाजी म्हणाले, "म्हंजे अमेरिकेतबी मजूर टायमावर येत नाई." मला हे स्पष्टीकरण विद्यापीठाच्या पत्रकापेक्षा सोपं वाटलं.

सापळ्यांची गोष्ट थोडी लांबवते, कारण तिथंच बहुतेक लोक फसतात. पेरणीनंतर दीड महिन्यानं एकरी दोन याप्रमाणे सापळे लावले, पिकाच्या शेंड्यापेक्षा वीतभर-हातभर वर. झाड वाढलं की सापळाही वर सरकवायचा. ल्युअरला हात लावताना हातमोजे, आणि तंबाखू मळलेल्या बोटांनी तर अजिबात नाही. आमच्याकडे हा नियम पाळायचा म्हणजे ल्युअर बायकांनीच लावायचे. पोळ्याच्या आसपास रस्त्याकडचा सापळा एकदम बोलायला लागला. एका रात्री अकरा, दुसऱ्या रात्री चौदा, तिसऱ्या रात्री नऊ. छापील नियमानं पातळी ओलांडली. आतले सापळे मात्र दोन-तीन पतंगांवर. दिरांनी पंप धुऊन ठेवला. पोळ्याच्या अमावास्येला फवारा मारायचाच, ही आमच्या भागातली जुनी सवय, त्यात हा आकडा.

सेवेचा मुलगा आला (त्या आठवड्यात मुलगी नव्हती) आणि त्यानं सापळ्याकडे न बघता आधी रस्त्यापलीकडे पाहिलं. तिथं शेजाऱ्यांच्या गोठ्याला टेकून मागच्या वर्षीच्या पऱ्हाटीचा ढीग उभा, चुलीसाठी ठेवलेला. गुलाबी बोंडअळी अशाच वाळक्या बोंडांत सुप्त पडून राहते आणि हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. आमचा सापळा शेतातले नव्हे, ढिगातले पतंग धरत होता. शिवाय सापळ्यात नरच येतात; अंडी घालणारी मादी शेतात किती आहे ते सापळा सांगत नाही, अंदाज देतो. त्यानं रस्त्याकडच्या पट्ट्यातली फुलं वेगळी तपासली आणि आतली वेगळी. पट्ट्यात थोड्या डोमकळ्या होत्या, त्या तोडून नष्ट करायला लावल्या. पट्ट्यापुरता पाच टक्के निंबोळी अर्क मारला. बाकी शेत सोडून दिलं. तीन एकरांचा फवारा वाचला, आणि या एका निर्णयात हंगामाची फी निघून वर उरली. ढीग मात्र अजून तिथंच आहे. चुलीला दुसरं काय जाळायचं, हा शेजारीणबाईंचा प्रश्न खराच आहे.

बोंडं फोडणं मला आवडायला लागलं. एकरातून फिरत वीस हिरवी बोंडं तोडायची, पंधरा-वीस दिवसांची, ना कोवळी ना टणक. दोन्ही तळव्यांत दाबून फोडायची. अळी नावाला गुलाबी. लहानपणी पांढरट असते, डोकं तेवढं काळपट. पहिल्या वेळी आम्ही गुलाबीच शोधत बसलो असतो. सालीच्या आतल्या बाजूला बारीक फोड दिसला तर तिथून ती शिरली असं समजायचं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं, कारण शिरलेलं छिद्र भरून येतं. आणि म्हणूनच आत गेलेल्या अळीला कुठलीही दवाई पोचत नाही. वीसपैकी दोन सापडल्यावर जो फवारा मारतो तो त्या दोघींसाठी नसतो. बाहेर असलेल्या पतंगांसाठी, अंड्यांसाठी आणि आजच उबलेल्या अळीसाठी असतो. हे समजलं की "एवढं महागाचं मारलं तरी बोंडात अळी निघालीच" हा दुकानदाराशी होणारा दरवर्षीचा वाद बंद होतो.

इथं माझी दुसरी सूचना. वीस बोंडांत एक निघाली तर पाच टक्के, दोन निघाल्या तर दहा. एक आणि दोन यांच्यात नशिबाचा भाग फार आहे. तुम्ही कुठल्या झाडापाशी थांबलात यावर बाराशे रुपये एकरी ठरतात. दसऱ्याच्या सुमाराला आमच्या एका एकरात नेमकी एक निघाली. मुलीनं स्वतःहून आणखी वीस फोडली, त्यात काही नव्हतं. पण त्यांच्या कागदावर "एक किंवा दोन आल्यास पुन्हा वीस" असा रकाना नाही. तो हवा. आमची मुलगी हुशार होती म्हणून झालं. दुसऱ्या गावात दुसरा मुलगा वीसवर थांबेल.

दिवाळीच्या आधी तिन्ही एकरांत आकडा ओलांडला. तीन बोंडं, दोन, चार. तेव्हा मात्र ते आढेवेढे न घेता म्हणाले, आज-उद्या मारा. मारलं. हंगामात एकूण दोनच पूर्ण फवारे झाले. आधीच्या वर्षी चार झाले होते. कापूस एकरी साडेसहाच्या घरात आला. त्यात पावसाचा वाटा आहेच, सगळं श्रेय वहीला देणार नाही. डिसेंबरात त्यांनी स्पष्ट सांगितलं की आता मोजणी बंद, फरदड (वेचणी संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) ठेवू नका, पऱ्हाटी उपटा. फरदडीच्या कापसाला कुठलीच पातळी लावण्यात अर्थ नाही. पुढच्या वर्षीची कीड तिथंच पोसली जाते. आम्ही उपटली. गावात निम्म्यांनी ठेवली.

एक खर्च त्या हिशेबात बसत नाही, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईला तो सोडता येत नाही. २०१७ साली पावसाळा संपतानाच्या दिवसांत आमच्या जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती, अळीही जोरात होती, लोक दोन-तीन दवाया एकत्र करून उघड्या अंगानं उन्हात मारत होते. आमच्याकडे फवारायला येतो तो माणूस माझ्या माहेरच्या गावचा, मला ताई म्हणतो. पंपामागे चाळीस रुपयांत त्याची छाती धरलेली नाही. म्हणून मी आमची पातळी छापील आकड्याच्या जरा वरच धरते आणि सेवेच्या मुलीला तसं सांगितलंय. तिनं वाद घातला नाही, वहीत नोंद केली: "शेतकरी जास्त थांबायला तयार." हे मला आवडलं. उलट कुणी कर्जात असेल, एकही किलो गमावायची ताकद नसेल, तर त्याचा आकडा खाली येईल. तेही त्यांनी तितक्याच मुकाट्यानं लिहून घ्यावं.

सोयाबीनला सेवा बेताची. खोडमाशी आणि चक्रीभुंगा यांची पातळी झाडांवरून ठरते, शंभरात दहा झाडं. पण चक्रीभुंग्याचे खोडावरचे दोन गोल काप दिसून शेंडा सुकेपर्यंत अंडं आत गेलेलं असतं. पीक महिना-दीड महिन्याचं असताना आठवड्याची एक फेरी अपुरी पडते. त्या दिवसांत दोन हव्यात, हवं तर पन्नास रुपये जास्त घ्या. पिवळ्या मोझॅकबद्दलही त्यांचा कागद गप्प आहे. २०२३ मध्ये विदर्भात सोयाबीन पिवळं पडून गेलं ते आपण विसरलेलो नाही. तो रोग पांढरी माशी पसरवते, आणि रोग पसरवणाऱ्या किडीला "पानामागे इतक्या" हा हिशेब लागू होत नाही. थोड्याच माश्या, पण रोगी झाडावरून उठून आलेल्या, पुरेशा होतात. तिथं पहिली पिवळी झाडं दिसताच उपटायची, हेच काम. ते मोठ्या अक्षरात छापलं पाहिजे.

आणि तूर. एक गुण इथंच गेला. घाटेअळीसाठी त्यांनी सापळे लावले, झाडं हलवून अळ्या मोजल्या, सगळं व्यवस्थित; सापळ्यात सलग दोन-तीन दिवस आठ-दहा पतंग आले की फवारा, तो वेळेवर सांगितलाही. पण शेंगमाशीचं काय? तिची अळी बंद शेंगेत दाणा खाते, बाहेरून काही कळत नाही. माशी उडून जायच्या वेळी शेंगेला टाचणीच्या टोकाएवढं भोक पडतं, तोवर दाणा गेलेला असतो. शेंगा सोलून पाहणं हाच उपाय, आणि एकदाही कुणी शेंग सोलली नाही. कागदावर दर आठवड्याला "पातळीच्या खाली" येत राहिलं, कारण झाड हलवून शेंगमाशी पडत नाही. तूर मळल्यावर सुपात सुरकुतलेले, खाल्लेले दाणे पाहून मी फोन केला. उत्तर आलं की आमच्या फॉर्ममध्ये ती कीड नाही. फॉर्ममध्ये नाही म्हणून शेतात नाही, असं दुकानदारही म्हणत नाही.

किरकोळ तक्रारी. व्हॉट्सॲपवर येणारे संदेश सरकारी भाषेत असतात: "प्रादुर्भाव आर्थिक नुकसान पातळीपेक्षा अल्प असल्याने नियंत्रणात्मक उपाययोजना अनावश्यक." दिरांनी शेवटचा शब्दच वाचला नाही आणि उपाययोजना करायला निघाले. "आज फवारू नका" एवढं लिहा. दुसरं, जुने ल्युअर बदलल्यावर त्यांचा मुलगा ते तासातच टाकून गेला. पतंग तिकडेही घुटमळतो आणि सापळ्यातला आकडा कमी येतो. उचलून न्या. तिसरं, पानं लाल पडली तेव्हा ते कीड मोजून निघून गेले. तो लाल्या होता, त्याला दवाई लागत नाही हे बरोबर, पण मॅग्नेशियम आणि नत्राचं दोन वाक्यांत सांगायला काय जात होतं? आम्ही नाही, तरी गावातल्या दोघांनी लाल्यावर कीटकनाशक मारलंच.

कुणी घ्यावी? ज्यांची दवाई उधारीवर येते आणि कुठली ते दुकानदार ठरवतो, त्यांनी आधी घ्यावी. ज्यांच्या घरात सकाळी सातला वीस झाडं पाहायला एक माणूस मोकळा आहे, त्यांना वर्षभरानंतर गरज पडणार नाही. एक हंगाम शिका आणि भिंग विकत घ्या. एकर-दोन एकरवाल्यांनी शेजाऱ्याशी मिळून घेतली तर फेरी एकच होते, फीत घासाघीस करता येते. पण सापळे मात्र दोघांचे वेगवेगळे ठेवा, रस्त्याकडच्या ढिगाची गोष्ट वर सांगितलीच आहे.

यंदा मी कपाशीचे तीन एकर त्यांच्याकडे देतेय, सोयाबीन नाही. तुरीच्या शेंगा घरीच सोलणार. मामाजींना बसल्याजागी काम हवंच असतं. फीसाठी अर्धे पैसे पेरणीला आणि अर्धे सीतादही (वेचणीआधीची कापसाची पूजा) होऊन पहिला वेचा घरी आल्यावर, असं ठरवून घेतलंय. त्यांच्या पत्रकात ही सवलत लिहिलेली नाही, पण मागितली की देतात.